बिडाचं व्हीलिंग मशीन: दुरुस्तीच्या नोंदी

८ जून २०२४

मशीन गाळ्यात उतरलं. सांगलीकडच्या एका बंद पडलेल्या बस बॉडीच्या शेडमधून भंगारात निघालेलं. भंगारवाल्याने फोनवर सांगितलं होतं, "मोठ्या सी क्लॅम्पसारखं काहीतरी आहे, दोन चाकं आहेत, मोटर नाही." तेवढ्यावरून ओळख पटली. बिडाच्या भावाने वजनावर सौदा केला. काट्यावर ४१० किलो भरलं. टेम्पोतून उतरवायला चेन पुली, दोन पहारी आणि शेजारच्या गाळ्यांतली पोरं. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात अशा कामाला हाक मारावी लागत नाही, जड वस्तू दिसली की माणसं आपोआप जमतात आणि प्रत्येकाकडे ती उतरवण्याची वेगळी पद्धत असते.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्रजी सी अक्षरासारखी बिडाची चौकट. वरच्या जबड्यात सपाट चाक, ८ इंच व्यासाचं, ३ इंच रुंद. त्याच्या बरोबर खाली दुसरं छोटं चाक, साधारण ३ इंच व्यासाचं, मधे फुगीर आणि कडांना उतरतं. दोन्हींच्या मधे पत्रा धरायचा, खालचं चाक स्क्रूने वर चढवून दाब द्यायचा आणि पत्रा दोन्ही हातांनी पुढे-मागे खेळवायचा. प्रत्येक फेरीत चाकांखालची पट्टी किंचित पातळ होते. पातळ झालेला धातू बाजूला पसरतो आणि सपाट पत्र्याला पोट येतं. हातोड्याने हेच होतं, पण ठोक्यांचे खळगे पडतात आणि ते बसवण्यात दिवस जातो. इथे पोट येतानाच पत्रा गुळगुळीत होत जातो. इंग्लंडमधल्या मोटारींच्या बॉडी बांधणाऱ्या कारखान्यांत हे रुळलं, दुसऱ्या महायुद्धात विमानांचे गोलाईदार पत्रे ह्यावर निघाले. आपल्याकडे बसच्या टपाचे पुढचे-मागचे गोल कोपरे असेच व्हायचे.

कंपनीची पाटी नाही. पाटीच्या जागी दोन स्क्रूंची भोकं तेवढी उरलीत.

९ जून

नुसतं बघण्यात दिवस गेला, आणि तो जायलाच हवा होता. मशीन खोलण्याआधी झीज वाचून घ्यावी, कारण एकदा घासकाम झालं की ते वाचन पुसलं जातं.

बोल्ट सगळे व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे. अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचात १२ आटे आहेत, आट्यांचा कोन ५५ अंशांचा. गल्लीत 'अर्ध्या इंची' म्हणून जे बोल्ट हातात देतात ते बऱ्याचदा यूएनसी, म्हणजे अमेरिकन मापाचे निघतात, त्यांना १३ आटे आणि ६० अंश. दोन-तीन फेऱ्या सुखाने जातात आणि मग अडकतात. तिथे पाना लावून जोर केला की बिडातले आटे गेलेच. म्हणून मूळचा प्रत्येक बोल्ट जागेच्या नावासकट डब्यात. मापांवरून मशीनचं वय मात्र नक्की ठरत नाही. मेट्रिकचा कायदा १९५६ चा असला तरी वर्कशॉपांत इंच कितीतरी वर्षं टिकून होता.

खालची चाकं तीन मिळाली. एकावर मधला पट्टा आरशासारखा चकचकीत, हाताला सूक्ष्म खोलगट लागतो. दुसरं जेमतेम वापरलेलं. तिसरं, सगळ्यात जास्त गोल, जवळपास कोरं, फक्त कडेला कुणीतरी हातोडा हाणल्याची खूण. पट्टी ठेवून उतार मोजले. चकचकीत चाकाची रुंदी ७६ मिमी, कडेला उतार २.८ मिमीच्या आसपास, म्हणजे गोलाईची त्रिज्या १० इंच. दुसऱ्याचा उतार पावणेपाच मिमी, म्हणजे ६ इंच. तिसरं ३ इंचाच्या आतबाहेर.

म्हणजे ह्या मशीनचं सगळं आयुष्य उथळ गोलाईत गेलं: टप, कोपरे, लांब पत्रे. उभ्या स्क्रूवरही तेच दिसतं. जेमतेम दीड इंचाचा भाग घासून पांढरा झालाय, वरखालचे आटे काळे आणि जाड. रोज तोच पत्रा, तीच जाडी, तोच दाब.

संध्याकाळी अण्णा येऊन गेले. आमच्या गल्लीतले निवृत्त बॉडी मिस्त्री, सगळे त्यांना अण्णाच म्हणतात. मी चौकटीवरचा रंग खरवडून खाली कुठला रंग आहे ते बघत होतो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वरच्या चाकावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "रंगाचं काय घिऊन बसलास? ह्या मशीनमधी काम करती ती जागा एवढीच," आणि चिमूट दाखवली. "बाकीचं नुसतं त्या चिमटीला धरून ठेवाय हाय."

ते वाक्य फळ्यावर खडूने लिहून ठेवलंय. खर्च कुठे करायचा आणि कुठे नाही, ह्याचा निकाल आता त्यावर.

१६ जून

खोलणं. वरचा फोर्क, म्हणजे वरचं चाक धरणारा दोन कानांचा भाग, चौकटीला चार बोल्टांनी जोडलेला आहे, तो सुटला. वरच्या चाकाचा आस पुलर लावून निघाला. उभा स्क्रू मात्र हलायला तयार नाही. एक इंच आणि दोन सूत जाडीचा, चौकोनी आट्यांचा. खाली पायाने फिरवायचं बिडाचं चाक. नट गनमेटलचा (तांबं-कथलाच्या मिश्रणाचा) आहे आणि स्क्रू पोलादी, तेव्हा गंज एकाच बाजूचा, हे नशीब.

डिझेल आणि गिअर ऑईल अर्धं-अर्धं करून वरून सोडलं आणि झाकून ठेवलं. पायचाकाला पाइप लावून झटका देण्याचा सल्ला निदान चौघांनी दिला. बिडाच्या आऱ्यांना झटका सोसत नाही, त्यामुळे नको.

१९ जून

स्क्रू सुटला. नटाच्या भोवती गॅसची मऊ ज्योत फिरवली. गनमेटल लोखंडापेक्षा जास्त फुगतं, त्यामुळे नट सैल झाला आणि पाना हातानेच फिरला. आटे उत्तम. घासलेल्या दीड इंचात थोडी खेळ आहे, पण दाब नेहमी एकाच दिशेने असतो, त्यामुळे कामात ती जाणवणार नाही. नवा स्क्रू करण्याचा बेत रद्द.

२३ जून

पावसाळ्यात गंज काढणं म्हणजे रोज रात्री नवा गंज पिकवणं. सकाळी पांढरा केलेला भाग दुसऱ्या दिवशी नारिंगी. म्हणून नियम: जेवढं उघडं केलं तेवढं त्याच दिवशी तेलाखाली किंवा प्रायमरखाली गेलं पाहिजे.

फोर्क, पायचाक, कॅमचा दांडा आणि बोल्ट विजेच्या टाकीत. प्लास्टिकचा मोठा टब, पाण्यात धुण्याचा सोडा, लिटरला साधारण एक मोठा चमचा, आणि १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. ऋण टोक वस्तूला, धन टोक साध्या लोखंडी पट्ट्यांना. स्टीलचा डबा किंवा पातेलं धन टोकाला लावू नये. स्टेनलेसमधून क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. टबातून निघणारे बुडबुडे हायड्रोजनचे, म्हणून टब दारात, आणि बिडी ओढणारे सगळे लांब.

चाकं मात्र टबात घातली नाहीत. कडक केलेल्या पोलादात हायड्रोजन शिरला तर ते ठिसूळ होतं. चाकांना रॉकेल, ६०० नंबरचा पॉलिश पेपर आणि धीर.

३० जून

वाईट बातमी. फोर्कच्या डाव्या कानाला, जिथे वरच्या चाकाचा आस बसतो, तिथे चीर आहे.

डोळ्यांना काही दिसत नव्हतं. कान कोरडा केला, रॉकेल लावलं, पंधरा मिनिटं थांबलो, फडक्याने अगदी कोरडा पुसला आणि पांढरा खडू घासला. जरा वेळाने खडूवर केसासारखी ओली रेघ उमटली. आसाच्या भोकापासून निघून खाली सरकत साडेतीन सेंटिमीटरवर थांबलेली. फोर्कच्या दुसऱ्या कानाला, चौकटीच्या कोपऱ्यांना आणि पायांनाही हाच प्रयोग केला. बाकी सगळं कोरडं.

डावाच कान का? अण्णांचं म्हणणं, शेडमध्ये माणूस बहुधा मशीनच्या एकाच बाजूला उभा राहून लांब पत्रे सोडायचा आणि पत्र्याचं लोंबतं वजन वर्षानुवर्षं त्याच कानावर यायचं. लांब पत्र्याला दुसऱ्या टोकाला धरायला पोऱ्या लागतो. तो चहाला गेला, तरी काम चालूच राहायचं. पटण्यासारखं आहे.

तीन पर्याय होते. शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत नवा फोर्क ओतून घेणं: पॅटर्न, ओतकाम, मशिनिंग, आणि एका नगासाठी कुणी उत्साह दाखवत नाही. दुसरा, पितळी रॉडने झाळणं. तिसरा, निकेल रॉडने वेल्डिंग. फोर्क सुटा आहे, म्हणजे सगळा एकसारखा तापवता येईल. तिसरा ठरला.

७ जुलै

वेल्डिंग. नोंद सविस्तर ठेवतो, कारण बीड फुटतं ते वेल्डिंग करताना क्वचितच, नंतर थंड होताना फुटतं.

चिरेच्या शेंड्यापुढे ३ मिमीचं भोक पाडलं, म्हणजे चीर तिथे थांबेल. चीर ग्राइंडरने 'व्ही' आकारात उघडली, तळाशी थोडी जागा राखून. बिडात वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं. ज्योत फिरवली तेव्हा चिरेच्या कडांना तेलाचे थेंब फुटून आले आणि धुराचा वास सुटला. ते जळून संपेपर्यंत पुसत राहिलो. मग सगळा फोर्क कोकच्या शेगडीवर, हळूहळू २५०-३०० अंशांपर्यंत. तापमान बघायला टेम्परेचर स्टिक वापरली.

वेल्डर काकांचा हात बघण्यासारखा. एकेक टाका इंचभर, त्याहून जास्त नाही. टाका घातला की रॉड बाजूला, आणि गोल टोकाच्या हातोडीने टाका गरम असतानाच हलके-हलके टिपायचा. निवताना धातू आकसतो आणि शेजारच्या बिडाला ओढतो. टिपल्याने तो पसरतो आणि ओढ कमी होते. एक टाका इकडे, दुसरा तिकडे, मधे थांबणं. संपल्यावर फोर्क कोरड्या चुन्याच्या भुकटीत पुरला. "उद्या काढायचा नाही," काका म्हणाले, "परवा काढ." परवा काढला तेव्हाही कोमट होता.

पुन्हा रॉकेल, पुन्हा खडू. कोरडं.

२१ जुलै

वरच्या चाकात दोन बॉल बेअरिंग. बाहेरच्या कड्यावर घासून नंबर वाचता आला: आरएलएस ८. एक इंच बोअर (आतलं भोक), सव्वादोन इंच बाहेरचा व्यास, ५/८ इंच रुंद. इंची बेअरिंग.

एका दुकानात ठामपणे ६२०५ हातात ठेवलं, "हेच बसतं, सगळे हेच नेतात." ६२०५ चं बोअर २५ मिमी, आपला आस २५.४, बाहेरून ते ५२ मिमी आणि आपल्या चाकातलं बेअरिंगचं घर ५७ च्या वर. आतून चढणार नाही आणि बाहेरून खुळखुळेल, असं बेअरिंग 'सगळे' कशाला नेतात ते काही कळलं नाही. आस घासून बारीक करा आणि बाहेर बुश ठोका, असाही तोडगा मिळाला. म्हणजे जिथे अचूकपणा हवा नेमक्या तिथेच आणखी दोन जोड वाढवायचे. अण्णांची चिमूट आठवली आणि निघून आलो.

हे माप बंद झालेलं नाही, जुन्या ब्रिटिश बनावटीच्या यंत्रांसाठी अजून मिळतं. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळालं, कुरिअरने मागवलं.

२६ जुलै

पंचगंगेने धोक्याची पातळी ओलांडली आहे. राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट म्हणजे धोका, आणि पाणी त्याच्या वर. चाकं ग्राइंडिंगला गोकुळ शिरगावला पाठवायची होती. टेम्पोवाला म्हणाला, आधी घरातलं सामान वर चढवतो, मग बघू. बरोबर आहे. चाकांवर ग्रीसचा थर, वर तेलकट कागद. बाकी काही नाही.

११ ऑगस्ट

चाकं ग्राइंडिंग होऊन आली.

पाठवण्याआधीची मापं: वरच्या चाकाचा फेर, म्हणजे एका फिरकीत डायलचा काटा जेवढा हलतो तो, ०.११ मिमी. गंजाचे बारीक खड्डे सगळीकडे. कडकपणा रॉकवेलवर ५६. प्रश्न हा होता, की चाक आरपार कडक आहे की फक्त वरचा थर. थर असेल तर किती खोल, हे कापल्याशिवाय कळत नाही. म्हणून ग्राइंडिंगवाल्या काकांना स्पष्ट सांगितलं: व्यासात अर्ध्या मिमीपेक्षा जास्त काढायचं नाही, खड्डे उरले तर उरू देत.

काका अनुभवी निघाले. चाक मँड्रेलवर, म्हणजे भोकात बसणाऱ्या दांड्यावर चढवून दोन सेंटरमधे धरलं आणि बेअरिंगच्या घरावरून खरं केलं. बाहेरच्या कडेवर विसंबले असते तर जुनीच चूक नव्या पृष्ठभागावर छापली गेली असती. व्यास २०३.२ वरून २०२.७ वर आला. फेर आता ०.०१ मिमी. दोन खड्डे कडेजवळ राहिलेत, टाचणीच्या टोकाएवढे. पत्रा तिथे जवळपास जातच नाही.

फेर एवढा महत्त्वाचा का? ०.१ मिमी फेर म्हणजे प्रत्येक फिरकीत दाब एकदा वाढतो आणि एकदा घटतो. ८ इंचाच्या चाकाचा परीघ सुमारे ६४ सेंटिमीटर. लांब पत्र्यावर बरोबर त्या अंतराने एक मंद लाट उमटत जाते आणि माणूस ती स्वतःच्या हाताचा दोष समजत बसतो.

खालच्या चाकांपैकी १० इंचीचा पट्टा सारखा केला, मधे १० मिमीचा सपाट भाग ठेवून. ६ इंचीला नुसतं पॉलिश. तिसऱ्याची कडेची ठोक घासून बोथट केली, तेवढं पुरे.

१८ ऑगस्ट

रंग. रेड ऑक्साइडचा एक हात, वर राखाडी मशीन एनॅमलचे दोन. पुट्टी नाही. ओतकामाची मूळची वाळूची खरड दिसते ती दिसू दे. पाय टेकून-टेकून चौकटीची एक बाजू गुळगुळीत झालेली होती, तिथे रंगच लावला नाही.

१ सप्टेंबर

जुळणी आणि सरळ करणं. सगळ्या कामातला खरा दिवस हाच.

आधी पाया. चौकट काँक्रीटमधल्या चार अँकर बोल्टांवर, खाली शिम (पातळ पट्ट्या) घालून, पातळीत.

मग चाकं. दोन्ही आस एकमेकांना दोन दिशांनी समांतर हवेत: समोरून बघताना आणि वरून बघताना. समोरून बघण्याची परीक्षा सोपी. पांढरा कागद, त्यावर कार्बन पेपर, दोन्ही चाकांमधे धरायचे, हलका दाब द्यायचा, सोडायचा. ठसा सगळीकडे सारख्या रुंदीचा आणि सारखा गडद यायला हवा. आमचा आला पाचरीसारखा, डावीकडे गडद, उजवीकडे येईपर्यंत विरलेला. वेल्डिंगमधे फोर्क किंचित ओढला गेला असणार, किंवा आधीपासूनच असेल. फोर्कच्या डाव्या बोल्टांखाली ०.१ मिमीचा पितळी शिम घातला. ठसा अजून थोडा तिरपा. आणखी ०.०५. आता सरळ पट्टी.

वरून बघताना जो तिरपेपणा असतो तो कागदावर नीट कळत नाही. त्याला ५० मिमी रुंद, मीटरभर लांब ॲल्युमिनियमची पट्टी सरळ आत सोडायची आणि हात सैल ठेवायचा. पट्टी उजवीकडे पळायला लागली. कारण खाली सापडलं: खालचं चाक धरणारा उभा खांब ज्या खाचेतून वर-खाली होतो, तिथली किल्ली घासून सैल झालीय, त्यामुळे दाब आला की खांब जरासा वळतो. नवी किल्ली ईएन ८ पोलादाची, खाचेत हाताने फाइल करून घट्ट बसवली. तेल लावून अंगठ्याच्या जोराने सरकेल इतकी घट्ट.

पट्टी आता नाकासमोर चालते.

७ सप्टेंबर

गणपती. काम बंद.

२२ सप्टेंबर

पहिला पत्रा. १.२ मिमी मऊ ॲल्युमिनियम, ३०० बाय ३०० चा तुकडा, १० इंची चाक.

दाब इतकाच, की पत्रा हाताने ओढताना अडतो पण थांबत नाही. रेघा शेजारी-शेजारी, चार-पाच मिमी अंतराने, कडेच्या अलीकडे वळून परत. मग तुकडा नव्वद अंशात फिरवून तेच. पत्र्यातून सारखी, न तुटणारी गुरगुर येते. अण्णा पाठमोरे बसून चहा पीत होते, मधेच म्हणाले, "दाब जास्त झालाय." मी पायचाक अंगठाभर मागे घेतलं. त्यांनी मान हलवली. पत्र्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

तासाभरात मधे ९ मिमी पोट. पत्रा तिरका धरून दिव्याचं प्रतिबिंब बघितलं: रेघा दिसतात, लाट नाही.

वापरत गेलं की ॲल्युमिनियम कडक होतं आणि पुढे ताणायला गेलं तर कडेला फाटतं. ते मऊ करायला अण्णांची पद्धत: पत्र्यावर कपड्याच्या साबणाच्या रेघा ओढायच्या, मागून ज्योत फिरवायची आणि रेघा तपकिरी-काळ्या झाल्या की लगेच ज्योत काढायची. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लाल होत नाही, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवता येत नाही. साबण वेळेवर सांगतो.

६ ऑक्टोबर

चौकट किती उघडते ते मोजलं. वेगळ्या स्टँडवर डायल, टोक फोर्कला. ०.९ मिमी सीआर (कोल्ड रोल्ड पोलादी) पत्र्यावर कामाचा दाब असताना वरचा जबडा ०.४ मिमी वर उठतो, आणि बाजूला जवळपास अजिबात जात नाही. वर उठणं चालतं, थोडी स्प्रिंग उलट बरी. पत्र्याची जाडी किंचित कमी-जास्त असली तरी चाक अडत नाही. बाजूला वळणं मात्र चालत नाही. हल्ली चौकोनी पाइप जोडून हौशी लोक ही मशीनं बनवतात. त्यांना कितीही गसेट (कोपऱ्यातल्या आधाराच्या पट्ट्या) मारले तरी तोच त्रास होतो: जबडा वळतो, चाकाच्या एका कडेचा चरा पत्र्यावर पडतो आणि मग चाकाला दोष दिला जातो. ४१० किलो बीड वाहून आणल्याचं चीज इथे झालं.

मशीनचं पहिलं खरं काम ठरलेलं आहे. एका ओळखीच्यांची १९५० च्या दशकातली फियाट ११००, जिला मुंबईत डुक्कर फियाट म्हणतात. मागचे दोन्ही मडगार्ड खालून सडलेत. ही गाडी कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची. ती कंपनी वालचंद हिराचंदांनी १९४४ मधे काढली, त्याआधी १९४० मधे बंगळूरला विमानांचा कारखानाही त्यांनीच सुरू केला होता. सोलापूरच्या माणसाने उभ्या केलेल्या कारखान्याच्या गाडीला सांगलीकडच्या मशीनवर, कोल्हापुरात पत्रा चढणार. असो.

उजव्या मडगार्डचा चांगला उरलेला भाग झाकून कागद बसवला. जिथे कागदाला चुण्या पडतात तिथे पत्रा आवळायचा, जिथे कागद फाटून उघडतो तिथे ताणायचा. व्हीलिंग मशीन फक्त ताणतं. त्यामुळे कडेच्या चुण्यांचं काम आधी लाकडी मोगरी आणि वाळूच्या पिशवीवर करून घेतलं. गोलाई पुठ्ठ्यांवर कापली, आडव्या चार आणि उभी एक.

२० ऑक्टोबर

मडगार्डचा तुकडा. दसऱ्याला मशीनची पूजा झाली होती, हार अजून पायचाकाला आहे, तो काढला.

१० इंची चाकाने सुरुवात करून मुख्य पोट आणलं. पण फियाटच्या मडगार्डची खालची घडी एकदम वळते, तिथे १० इंची चाक पत्र्याला दोन कडांनीच टेकतं आणि मधे काही होत नाही. ६ इंचीने थोडं पुढे गेलं. शेवटी ते तिसरं, कोरं चाक चढवलं. दाब एकदम कमी, रेघा लहान, तीन-चार इंचांच्या. अशा चाकाने जोर केला की पत्र्यावर बैलगाडी गेल्यासारखे चर पडतात. पुठ्ठा लावायचा, फट बघायची, पेन्सिलीने खूण करायची, तेवढ्याच जागेवर पुन्हा. सीआर पत्र्याचं काम ॲल्युमिनियमपेक्षा संथ होतं, पण आलेला आकार तो सोडत नाही.

दुपारी चारच्या सुमारास पाचही पुठ्ठे बसले. मधल्या आडव्या पुठ्ठ्याखाली कागदाची एक घडी शिरते, तेवढी फट ठेवली आहे. वेल्डिंगच्या ओढीने ती भरेल असा अण्णांचा अंदाज आहे.

ह्या कामाने एक गरज उघड झाली. ६ आणि ३ इंचांच्या मधे काही नाही, आणि फियाटसारख्या गाड्यांचं निम्मं काम नेमकं त्या मधल्या गोलाईत असतं. ईएन ३१ पोलादाचा गोल रॉड कापून टर्नर काकांकडे दिलाय. ४ आणि ५ इंची अशी दोन चाकं, ग्राइंडिंगसाठी ०.३ मिमी जास्त ठेवून. हार्डनिंग ८३० अंशांच्या आसपास, तेलात, नंतर १८० ते २०० अंशांवर टेम्परिंग, ६० रॉकवेलच्या जवळ यायला हवीत.

डावा मडगार्ड उजव्यापेक्षा जास्त सडलाय आणि त्याला कधीतरी कुणीतरी पुट्टीने भरून आकार दिला होता, त्यामुळे त्याचे पुठ्ठे आता नव्या उजव्या तुकड्यावरून घ्यावे लागतील. ते चाकं आल्यावर.